पावती नंबर एक

पैसे माझ्याकडे ठेवले,
कारण गिरणी माझी, काटा माझा,
आणि तीस वर्षांत कुणाच्या पायलीत
मूठभर पीठ कमी भरलं नाही.

एका रात्रीत बोरीकाठच्या अकरा विहिरींवरून
मोटारींच्या केबली गेल्या.
जळगावहून कुत्रं यायला दुपार झाली.
तोवर बांधावरून गुरं गेली, शाळेची पोरं गेली,
पंचनाम्याचे बूट गेले, बघे गेले.
कुत्र्यानं विहिरीला दोन फेऱ्या मारल्या,
लिंबाखाली बसलं, आणि जीभ काढून
आमच्याकडे बघत राहिलं,
जणू आम्हीच काहीतरी हरवून बसलोय.

भटू हवालदार म्हणाले, साहेब तयार आहेत,
एक कुत्रं आपल्या चौकीत ठेवू. खोली तुम्ही बांधा.
पत्रा, जाळी, खाणं, डॉक्टर,
आणि मे महिन्यासाठी कूलर.

"मान्सले पंखा नही, आन कुत्राले कूलर!"
लोटनआबा एवढे हसले
की त्यांना पाणी द्यावं लागलं.
मग कोपरीतून दोनशे काढले.
"लिख. कूलरमा टाक."

महिनाभर फिरले पावतीपुस्तक घेऊन.
शकूर पिंजारीनं अंगावरचा कापूस झटकून पन्नास दिले,
वर एक जुनी गोधडी: हिवाळा त्यालाही असतो.
बचतगटानं जत्रेत भरीत विकलं,
मिरची जास्त झाली, तरी नऊशे चाळीस जमले.
मास्तरांनी अर्धा तास नागरिकशास्त्र सांगितलं
आणि दहा रुपये दिले.

उखा भिलानं वीस दिले.
घडी इतकी बारीक,
की उलगडताना फाटेल वाटलं.
म्हणाला, ताई, गावात सुई हरवली
तरी गाडी आधी आमच्या हट्टीत येते.
बापाला नेलं, मला नेलं,
आता पोराचं वय झालंय.
कुत्रं आडनाव वाचत नाही ना?
नाही, म्हटलं.
मग लिहा माझं नाव. पूर्ण लिहा.

रात्री गिरणी बंद करून मोजायला बसते.
पट्टा थांबला तरी कानात फिरत असतो.
आणि नाक तर पिठातच मुरलेलं.
डबा उघडायच्या आधी सांगते मी
बाजरी कुणाची, कळणा कुणाचा,
कुणाच्या ज्वारीला कीड लागली.
नोटाही तशाच बोलल्या.
ही भरताच्या धुराची. ही तंबाखूची.
ही उखाची, नदीच्या गाळाची.

आणि एक पाचशेची, कोरी, कडक.
पुन्हा हुंगली.
जळकं रबर.
तांबं मोकळं करायला केबल जाळतात,
तो वास. त्या सकाळी
नाल्याच्या वळणावर आला होता, तोच.

पावती नंबर एक.
वर्गणी समितीचे अध्यक्ष, हस्ते चिरंजीव.
शुभारंभाचा नारळ त्यांनीच फोडला होता.

नोटेला तोंड नसतं,
आणि माझ्या नाकाला
कोण बोलावणार साक्षीला?
सकाळी दळणाच्या गल्ल्यातली माझी पाचशे
त्या जागी ठेवली. हिशेब जुळतो.
कुणीही येऊन तपासा.

ती नोट काचेच्या बरणीत आहे,
झाकण घट्ट, वर सुतळी,
फळीवर, कळण्याच्या डब्यामागे.

खोलीला रंग लागलाय. कूलर आलाय.
अध्यक्षांनी फीत मागवलीय, लाल.
उखाचा पोरगा रोज जाळीपाशी उभा राहतो,
येताजाता मला विचारतो, कधी येणार?
गुरुवारी, म्हणते मी,
आणि फळीकडे बघत नाही.